हॅमवरचा लेप आणि खिडकीतला चमचा

तुम्ही मला एक सांगा. चवीच्या बाबतीत भरवसा कुणाच्या जिभेवर ठेवायचा? स्वतःच्या? बायकोच्या? की जो माणूस आता हयातच नाही, त्याच्या?

हसू नका. बसा आधी, चहा सांगितलाय.

भुसावळच्या बाजारात माझं गूळ-मसाल्याचं दुकान आहे. शाळा मी लवकर सोडली, पुढचं सगळं मला गुळाच्या ढेपांनी शिकवलं. ढेप एका जागी पडून राहिली की तिच्याखाली काकवी साठते. कुणी ओतत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. उचलायला जावं तेव्हा कळतं, ढेप फरशीला चिकटलीय! किस्स्यांचं तसंच असतं. एक गिऱ्हाईक दुकानात येत राहतं, तुम्ही गूळ देत राहता, आणि एक दिवस बघता तर त्या माणसाखाली इतकं काही साठलेलं असतं की हात धुतले तरी जात नाही.

आमच्या डॉली आंटींचं तसंच झालं.

*

आंटी पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा डिसेंबर होता. उंच बाई, फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर स्वेटर आणि हातात छत्री. थंडीत छत्री!

म्हणाल्या, "शेठजी, सगळ्यात काळा गूळ दे. आणि चिंच अशी दे की नुसती बघून डोळा मिटला पाहिजे."

"लोणचं घालताय का?"

"नाय मॅन! हॅमला ग्लेझ करायचा."

हॅम म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, हे मला त्या दिवशी कळलं. आंटींचा तो हॅम मुंबईहून बर्फाच्या पेटीत यायचा. नाताळला त्या तो ओव्हनमध्ये भाजायच्या, आणि भाजत आला की त्याच्यावर आंबटगोड पाक फासायच्या. काळा गूळ, चिंचेचा कोळ, वाटलेली मोहरी, मोसंबीचा रस आणि केळ्यांपासून केलेला शिरका. शिरका, म्हणजे व्हिनेगर, रावेरहून यायचा. मांडीवर सुरीने शंकरपाळ्यासारख्या रेघा मारायच्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचायची आणि वरून हा पाक. पुन्हा ओव्हन, पुन्हा पाक. शेवटी तो हॅम आरशासारखा चमकायचा म्हणे. म्हणे, कारण आम्ही शाकाहारी. मी कधी जवळ गेलो नाही.

पण नाताळ झाल्यावर उरलेला पाक त्यांनी मला बाटलीत आणून दिला. "चाख. एकदम व्हेज आहे."

चाखला. आधी गोड लागतं, मग आंबट. आणि दोन्ही जिभेवरून गेल्यावर तिसरं काहीतरी लागतं. ते काय, हे मी अजून शोधतोय.

मी व्यापारी माणूस. म्हटलं, आंटी, हे बाटलीत भरून विकू या! हॅम नसेना का, लोक भाजलेल्या रताळ्यावर लावतील, सुरणावर लावतील.

घरी बायकोला सांगितलं. आमची सुमन म्हणाली, "घरात अंडं येत नाही, आणि तुम्ही डुकराला उटणं लावायला निघालात!"

तेव्हापासून मी त्या पाकाला लेप म्हणायला लागलो. ग्लेझ हा शब्द काही तोंडात बसेना.

*

लेप शिकायला मी आंटींच्या घरी गेलो. रुळांपलीकडचं कौलारू घर. आंटी एकट्याच राहायच्या. मुलगा केविन मेलबर्नला.

लेप शिजला. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे, मिटता कामा नये, ही खूण. आंटींनी तो भरला चमचा मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हेन्री, सांग."

मला वाटलं, नोकर असेल.

थोड्या वेळाने उठल्या. चमचा घेऊन आल्या तो लख्ख! चाटून पुसून ठेवल्यासारखा. "हेन्री बोलतो, खट्टा कमी."

"हेन्री कोण?"

"माझा हसबंड. गार्ड होता रेल्वेत."

"मग आत बोलवा की त्यांना!"

"तो सिमेट्रीत असतो, मॅन. फक्त चवीला येतो."

आता आमच्यात पिंडाला कावळा शिवतो. मी मनाची समजूत घातली की असेल एखादा कावळा. उठून खिडकीपाशी गेलो. खिडकीला बारीक जाळी! कावळा सोडा, माशी शिरायची नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे कट्ट्याच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. माझं अर्धं आयुष्य गुळावरून मुंग्या हाकलण्यात गेलं. गुळाला मुंगी लागली नाही असं मी पाहिलेलं नाही. पण ही रांग जिथे चमचा होता तेवढी जागा सोडून, वळसा घालून पुढे जात होती. रस्त्यात कुणी उभं असलं की आपण जातो ना, तशी.

मी चिंच वाढवली. दुसरं काय करणार?

निघताना आंटींनी माझा हात धरला. "शेठजी, मला एक ताप आला होता. त्यात माझं नाक गेलं आणि जीभ पण गेली. गरम-थंड कळतं, बाकी माती. केविनला सांगू नको. तो दर फोनला बोलतो, ममा, घर बंद कर, इकडे चल. मी त्याला बोलले, ज्या वर्षी ग्लेझ बिघडेल त्या वर्षी येते."

म्हणजे बघा! बाईंना चव नाही. बाईंचं घर मात्र चवीवर उभं. आणि चव सांगणारा सिमेट्रीत!

*

बाटल्यांवर चिठ्ठ्या सुमनने लिहिल्या. सुंदर अक्षरात एकच शब्द: लेप. तिथेच घोटाळा झाला.

शिरपूरकडचे एक आबा लग्नाला भुसावळला आले होते. दुकानातून बाटली घेऊन गेले. पुन्हा आले ते आरडाओरडा करतच.

"शेठ! तुना लेप भारी शे! मना गुडघानं बठ्ठं दुखनं गयं!"

मला घाम फुटला. "आबा, गुडघ्याला लावलात? अहो, तो खायचा आहे!"

"लेप काय खातस का कोनी?" आबांनी मलाच वेड्यात काढलं.

"रात्रभर मुंग्या नाही लागल्या?"

"मुंग्या उनथ्यात ना. खाटना भोवती फिरन्यात. पन वर एक बी नही चढनी." मग आबा जवळ सरकले, आवाज उतरवला. "एक शे पन. लेप लावा की सपनमा एक टोपीवाला सायेब येस. गुडघाकडे देखस नि माले इचारस..."

"काय विचारतो?"

"इचारस, 'लाइन क्लिअर शे का?'"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनस, क्लिअर शे सायेब, जाऊ द्या! मंग गुडघामातून गाडी गयी असं वाटस, आन् दुखनं बंद."

आबा आणखी बाटल्या घेऊन गेले. मी चिठ्ठ्या बदलून घेतल्या. 'खाण्याचा लेप' असं लिहिलं. आता लोक विचारतात, "आणि लावायचा कुठला?"

*

दीपनगरच्या वीज केंद्रात एक इंजिनिअर होते. आमचे जुने गिऱ्हाईक, अतिशय सज्जन. बंगाली माणूस, मराठी मात्र झकास. त्यांना लेप स्वतः करायचा होता. आंटींनी बोलावलं, मीही बरोबर गेलो.

आंटींची पद्धत अशी की लेप झाला की नाही हे त्या आवाजावरून ओळखायच्या. सुरुवातीला तो पाण्यासारखा खळखळतो, मग घट्ट होत आला की बोलतो एकेक शब्द. पुप्. पुप्. इंजिनिअर साहेब म्हणाले, "हा आवाज रेकॉर्ड करून घेतो. घरी जुळवून बघीन." मोबाइल पातेल्याजवळ धरला.

दुसऱ्या आठवड्यात साहेब दुकानात आले. मोबाइल कानाला लावायला दिला. "ऐका."

पुप्. पुप्. मग लांबून एक शिट्टी.

मी हसलो. "साहेब, भुसावळात रेकॉर्डिंग करून गाडीची शिट्टी आली नाही, तर ते नवल!"

"ही इंजिनाची नाही हो. नीट ऐका."

ऐकली. तोंडाने फुंकायची शिट्टी होती, वाटाण्यासारखं काहीतरी आत थरथरतं ना, तशी. एकदा वाजली. थांबली. मग दुसऱ्यांदा, पण हळू. आणि लांबून नाही, अगदी पातेल्याच्या काठावरून.

"तिथे आपण तिघं होतो," साहेब म्हणाले. "कुणी वाजवली?"

मी मोबाइल घेऊन आंटींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग म्हणाल्या, "पहिली गाडीसाठी. दुसरी माझ्यासाठी. प्लॅटफॉर्मवर मी सोडायला यायचे ना, तेव्हा."

इंजिनिअर साहेबांनी ते रेकॉर्डिंग पुसलं नाही. म्हणायचे, "माझा लेप त्या शिट्टीला बरोबर उतरतो, शेठ. एकदाही करपला नाही." वर म्हणायचे, "मी भूतबित मानत नाही हं. पण टायमिंग उत्तम आहे!"

*

धंद्यात काही चांगलं चाललं की जळगावला वास जातोच. तिथले माझे एक स्पर्धक आहेत. आपण त्यांना नानाशेठ म्हणू. दोस्ती चांगली, पण माल बघितला की डोळे फिरतात.

नानाशेठनी लेपाची सगळी माहिती काढली. कोणता गूळ, कोणती मोहरी, खिडकीतला चमचा, सगळं. हुबेहूब केला. मग माणसं जमवून स्वतःच्या खिडकीत चमचा ठेवला आणि आंटींची नक्कल करत मोठ्याने म्हणाले, "या, कोण आहे तिकडे? चाखा फुकट!"

मला हे कळलं तेव्हा राग नाही आला. काळजी वाटली. आंटी नाव घेऊन बोलवायच्या हो. नेहमी एकच नाव. ह्यांनी तर सरसकट आमंत्रण दिलं!

काही दिवसांनी नानाशेठचा फोन. आवाज बसलेला.

"सुधाकर, लेपाचा धंदा तुलाच लखलाभ. मी बंद केला."

"का? जमला नाही?"

"जमला रे! पहिल्याच चमच्याला उत्तर आलं."

"काय उत्तर?"

"मीठ नाही म्हणाले."

"कोण म्हणाले?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज. मग: "आमचे सासरे!"

नानाशेठचे सासरे म्हणजे पंगतीत प्रत्येक पदार्थाला 'मीठ नाही' म्हणणारा माणूस. सगळं जळगाव ओळखत होतं. जाऊन वर्षं झाली होती.

"मग काय झालं, नाना? चाखून गेले ना?"

"तोच तर प्रश्न आहे! अजून गेलेच नाहीत! काल भाजीला मीठ नाही, आज आमटीला मीठ नाही. घरात सगळ्यांना ऐकू येतं, आणि बायको खूश आहे! तू आंटींना विचार, परत कसं पाठवायचं."

आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, मीठ घाल."

घातलं म्हणे. मग थांबलं.

*

हा पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. तुम्ही घरच्यासारखे, म्हणून.

एका नाताळाच्या आदल्या सकाळी आंटींचं लक्ष कुठेतरी होतं. हेन्रींचा धाकटा भाऊ व्हिक्टर इगतपुरीला राहायचा. त्याचं ग्रीटिंग कार्ड आलं नव्हतं, ते त्यांच्या मनात घोळत होतं. चमचा खिडकीत ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "व्हिक्टर, सांग."

लगेच जीभ चावली. "सॉरी, सॉरी. हेन्री, सांग." खुर्चीत बसल्या. मी मोहरी वाटत होतो.

उठल्या, चमचा उचलला. लख्ख होता. पण आंटी तिथेच उभ्या राहिल्या.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"गोड जास्त आहे, बोलतो."

"मग चिंच वाढवू?"

"शेठजी, हेन्रीने कधी गोड जास्त बोललं नाय. त्याला जितकं गोड तितकं कमी." त्यांनी चमचा टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा. "डायबेटिस व्हिक्टरला आहे."

मी वाटणं थांबवलं, एवढंच. बाहेर मालगाडी चालली होती. डबे संपता संपेनात.

व्हिक्टर गेल्याची बातमी जेवणाच्या सुमारास आली. सकाळीच गेला होता.

त्या वर्षी आंटींनी लेपात गूळ कमी घातला. नाताळला आलेले सगळे म्हणाले, यंदा थोडा आंबट झालाय का? आंटी म्हणाल्या, "हो. पाहुण्याच्या आवडीचा आहे."

*

मग केविन आला. न कळवता आला, डिसेंबरातच. उंच, आईसारखा. माणूस वाईट नव्हता हो. उलट घर बघून त्याचे डोळे भरले. कौलं सरकलेली, अंगणाची भिंत पडलेली, गॅसजवळचा पडदा एका कडेला जळलेला. तो पडदा त्याने हातात धरून ठेवला होता. म्हणाला, "ममा, हा कधी जळला?"

"वास नाय आला मला," आंटी बोलून गेल्या. आणि गुपित फुटलं.

केविन माझ्याकडे वळला. "अंकल, तुम्हाला माहीत होतं?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

नाताळच्या सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात. तिघांनाही माहीत होतं की आज काय ठरणार आहे. लेप जमला तर आंटी इथे, बिघडला तर मेलबर्न. मी त्या दिवशी जो गूळ नेला होता, तसा पुन्हा मिळाला नाही. चिंच जुनी, काळी, लोण्यासारखी. लेप शिजला. मी चाखला. देवाशपथ सांगतो, इतक्या वर्षांत असा झाला नव्हता! ती तिसरी चव तर जिभेवर आली ती कानशिलापर्यंत गेली. केविननेही बोट बुडवून चाखलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. एकच शब्द बोलला, "परफेक्ट."

मी मनात म्हटलं, जिंकलो! बाई राहिल्या!

आंटींनी चमचा खिडकीत ठेवला. "हेन्री, सांग." खुर्चीत बसल्या. बराच वेळ बसल्या. उठल्या. चमचा आणून पातेल्याशेजारी ठेवला.

"बिघडला," म्हणाल्या.

"आंटी!" मी ओरडलोच. "काय बोलताय? चमचा तर लख्ख आहे! काय म्हणाले साहेब?"

"काय नाय बोलला. हिरवी झेंडी दाखवली."

गार्डाने हिरवी दाखवली की गाडी हलते. भुसावळात हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी केविनकडे बघितलं. त्याने आत्ताच चाखला होता. त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने पुन्हा बोट बुडवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं. ते वाकडं करायला त्याला किती कष्ट पडले, ते मी पाहिलं.

"हो ममा," म्हणाला. "पार बिघडलाय."

*

आंटी मेलबर्नला गेल्या. घर विकलं नाही, किल्ली माझ्याकडे राहिली. लेप मी दुकानाच्या मागे करायला लागलो. सगळं तेच, वजन तेच, आणि गिऱ्हाईक बाटली परत आणायला लागलं! "शेठ, गोड आहे, आंबट आहे, पण ते नाही." ते म्हणजे तिसरं.

तिकडून केविन फोनवर सांगायचा, ममा ठीक आहे, पण जेवत नाही. सगळं मातीसारखं लागतं म्हणते. खंगत चाललीय. डॉक्टर म्हणतात, तब्येतीत काही नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. "अंकल, मी तिला आणायला नको होतं का?" असं तो दर वेळी विचारायचा. 

गेल्या नाताळला मी ठरवलं, लेप आंटींच्याच घरी करायचा. एकट्याला जायला धीर होईना म्हणून सुमनला घेऊन गेलो. भर दुपार, अंगणात ऊन. तरी सुमन दारातच थांबली. म्हणाली, "लवकर आटपा. इथे कुणाचं तरी जेवण चाललंय आणि आपण मधे आलोय, असं वाटतं."

लेप शिजवला. चमचा खिडकीत ठेवला. खुर्ची फिरवून बसलो. घसा खाकरला. "हेन्रीसाहेब, सांगा."

काही नाही. उठून बघितलं. चमचा भरलेला, जसाच्या तसा. पुन्हा बसलो. "साहेब, चाखा जरा."

काही नाही.

मागून सुमन म्हणाली, "मराठीत विचारताय, कळत तरी असेल का त्यांना?"

"तू गप बस ग!"

ती गप बसली. मीही बसून राहिलो. वाटलं, संपलं सगळं. साहेबही गाडीबरोबर गेले असणार. गार्ड काय गाडी सोडून मागे राहतो?

तेवढ्यात सुमन म्हणाली, "मोहरी कमी आहे, मॅन."

मी खुर्चीतून वळलो. सुमन दारात, नाकाला पदर लावून, अंगणाकडे बघत उभी.

"काय म्हणालीस?"

"मी कुठे काय म्हणाले? तुम्हीच म्हणालात ना, गप बस."

बत्तीस वर्षं संसार झाला आमचा. सुमनने जन्मात कुणाला मॅन म्हटलेलं नाही. आणि तिने लेप कधी बोटालासुद्धा लावलेला नव्हता.

मी मोहरी वाटली. पातेल्यात घातली, ढवळली. नवा चमचा भरून खिडकीत ठेवला. ह्या खेपेला मी कुणाचं नावच घेतलं नाही. कुणाचं घ्यावं तेच कळेना. पाठ करून बसलो. उठलो.

लख्ख.

मोबाइल वाजला तो खिशातच. केविनचा आवाज, रेकॉर्ड करून पाठवलेला. तिकडे संध्याकाळ असणार, मागे ताटावाट्यांचा आवाज येत होता.

"अंकल, मेरी ख्रिसमस. इथे काहीतरी झालं. ममा सूप पीत होती, नुसतं साधं सूप. एकदम थांबली. म्हणाली, 'आता मोहरी बरोबर आहे.' सुपात मोहरी नाहीये, अंकल. आणि मग ती मागत सुटली. ब्रेड दे, बटाटा दे. तिला चव लागतेय. ती जेवतेय, आणि रडतेय, आणि पुन्हा जेवतेय. अंकल... तुम्ही आत्ता कुठे आहात?"

सुमन दारातून म्हणाली, "कोण आहे हो?"

मी तिला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं.

तर असं आहे. चहा गार झाला तुमचा. ही घ्या लेपाची बाटली, तुमच्यासमोर काठोकाठ भरली आणि तुमच्यासमोर बूच लावलं. घरी जाऊन उघडाल तेव्हा एक चमचा कमी भरेल. गेल्या नाताळापासून सगळ्यांचीच कमी भरते. भांडायला येऊ नका, दुसरी देईन. फक्त एक विनंती आहे, हिशोब खरा ठेवा. तो चमचा माझ्या नावावर मांडू नका.